बाकी काय विशेष?

फोनवर ‘बाकी काय विशेष?’ असे आपण रोज विचारतो आणि ‘काही नाही, चाललंय’ हे उत्तर रोज ऐकतो. या महिन्यात आलेली बरीच पत्रे या ‘चाललंय’मध्ये काय काय असते याविषयीची आहेत. पाऊसपाणी, नोकरी, मुलाबाळांची खुशाली मित्रमैत्रिणींना सांगावी की नाही, सांगितली तर काय होईल, आणि समोरचा काही सांगेनासा झाला तर काय समजावे, अशा काळज्या त्यांत आहेत. मनोविकारतज्ज्ञ म्हणून मी या बातम्यांना किरकोळ मानत नाही. रुग्णाला तपासताना झोप आणि भूक यांच्याबरोबरच ‘घराबाहेरच्या कोणाशी शेवटचं कधी बोललात?’ हेही मी विचारते. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी एस.टी.तून निवृत्त झालो. आमचा शाळेतल्या वर्गमित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कोणी काश्मीरचे फोटो टाकतो, कोणाचा नातू अमेरिकेत शिकतो. माझ्याकडे सांगण्यासारखं काय? सकाळी धुकं होतं, गुडघा दुखतोय, घरी मटकीची उसळ केली. लोक हसतील म्हणून कित्येक महिने मी काही लिहिलेलंच नाही. आता वाटतं, मी ग्रुपवर नसलो तरी कोणाला कळणार नाही. हे एकटेपण म्हणजे आजार आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : एकटेपणा हा आजार नाही. मात्र तो लांबला तर झोप, रक्तदाब आणि मन या तिन्हींवर परिणाम करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये या विषयासाठी स्वतंत्र आयोग नेमला, यावरून त्याचे गांभीर्य लक्षात येईल. ‘लोक हसतील’ ही भीती फार जणांना असते आणि ती बहुतेक वेळा खोटी ठरते. बऱ्याच दिवसांनी, काही काम नसताना आपण कोणाची चौकशी केली, तर त्या माणसाला किती बरे वाटते याचा आपला अंदाज नेहमी कमी पडतो, असे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले.

आणखी एक गोष्ट पाहा. काश्मीरच्या फोटोंना दहा जण अंगठा दाखवतात आणि विषय तिथेच संपतो. ‘आज धुक्यात अजिंक्यतारा दिसतच नव्हता’ असे तुम्ही लिहिलेत, तर दुसरा त्याच्याकडच्या हवेबद्दल सांगतो, तिसऱ्याला शाळेत जातानाची थंडी आठवते. अशा साध्या बातमीत समोरच्याला स्वतःचे काही सांगायला जागा मिळते. एकदम ग्रुपवर लिहायला संकोच वाटत असेल तर एकाच जुन्या मित्राला लिहा किंवा फोन करा. गुडघा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण दुखण्यामुळे घराबाहेर पडणे थांबते आणि माणसांशी संबंध आपोआप तुटत जातो. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, तर ते नैराश्य (उपचारांनी बरा होणारा मनाचा आजार) असू शकते. तेव्हा मात्र डॉक्टरांकडे जायलाच हवे.

प्रश्न : २०२१ च्या पुरात आमच्या घरात छातीभर पाणी होतं. तेव्हापासून जुलै लागला की माझं काही खरं नसतं. मैत्रिणींच्या ग्रुपवर रात्रभर ‘पंचगंगा किती फुटांवर?’, ‘राधानगरीचे दरवाजे उघडले, सावधान!’ असे मेसेज येतात. प्रत्येक मेसेजला छातीत धस्स होतं. ग्रुप सोडला तर बातमी कळणार नाही, ठेवला तर झोप नाही. घरचे म्हणतात, उगाच घाबरतेस. मला वेड लागतंय का हो? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, तुम्हाला वेड लागलेले नाही. ज्या घरात छातीभर पाणी शिरले, त्या घरातल्या माणसाला पावसाची भीती वाटणे उगाच कसे म्हणता येईल? तुमच्या भीतीला कारण आहे. फक्त रात्रभर येणाऱ्या मेसेजमुळे ती गरजेपेक्षा मोठी होते आहे. म्हणून आधी आकडे नीट समजून घेऊ. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी ५५ फुटांच्याही वर गेली होती. म्हणजे ‘पाणी ३५ फुटांवर’ हा मेसेज आणि तुमच्या घरात आलेले पाणी यांत फार मोठे अंतर आहे. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की ते आपोआप उघडतात. एका दरवाजातून साधारण १४२८ क्युसेक (दर सेकंदाला तितके घनफूट) पाणी बाहेर पडते. चांगल्या पावसाळ्यात हे घडतच असते. एक दरवाजा उघडणे आणि सातही उघडणे यांत फरक आहे, आणि ‘सावधान!’ एवढ्या एका शब्दात नेमका तोच फरक नाहीसा होतो.

ज्या मेसेजमध्ये तारीख, वेळ आणि फुटांचा आकडा नसेल त्यावर विश्वास ठेवू नका. जुने व्हिडिओ दर पावसाळ्यात नव्याने फिरतात. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाने दिलेली पातळी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाहा. हवामान विभागाच्या रंगांचा अर्थही लक्षात ठेवा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे हालचाल करा. हा इशारा ठरावीक जिल्ह्यासाठी आणि ठरावीक दिवसासाठी असतो. सगळीकडे पूर येणारच, असा त्याचा अर्थ नसतो. मग कोरड्या दिवसांत एक काम करा. किती फुटांना तुमच्या गल्लीत पाणी येते, हे शेजारच्या जुन्या माणसांना विचारून लिहून ठेवा. त्याच्या दोन-तीन फूट आधी घरातली म्हातारी माणसे, औषधे, कागदपत्रे आणि गाडी कुठे न्यायची, तेही लिहा. ग्रुपमधल्या एका खात्रीच्या मैत्रिणीला सांगा, ‘अमुक फुटांवर गेलं की मला फोन कर, रात्री कितीही वाजले तरी.’ नंतर रात्रीपुरता ग्रुप म्यूट करा. काय करायचे हे ठरलेले असले की जीवाची घालमेल बरीच कमी होते.

तरीही पुराची दृश्ये डोळ्यांपुढे येतात, पत्र्यावर पावसाचा आवाज झाला की दचकायला होते, नदीकडचा रस्ता टाळला जातो, असे महिन्याहून अधिक चालत असेल तर त्याला आघातोत्तर ताणविकार (जीवघेण्या प्रसंगानंतर मनात राहून गेलेला ताण) म्हणतात. समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधांनी तो बरा होतो. पावसाळ्याची वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांना भेटा. छातीतली धडधड थायरॉइडमुळे किंवा रक्त कमी असल्यामुळेही होते, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांकडून ती एकदा तपासून घ्या. छातीत दुखून कळ हातात किंवा जबड्यात गेली, दम लागला किंवा घाम फुटला, तर भीतीच असेल असे मानून थांबू नका. तडक रुग्णालय गाठा.

प्रश्न : सुनेला दुसरा महिना आहे. आनंदाच्या भरात मी भिशीत मैत्रिणींना सांगून टाकलं. सून दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नाही. त्यात एक मैत्रीण म्हणाली, इतक्या लवकर सांगितलं की दृष्ट लागते. माझ्यामुळे बाळाला काही होईल का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : होणार नाही. बातमी सांगितल्याने गर्भाला कसलाही अपाय होत नाही. बहुतेक गर्भपात पहिल्या बारा आठवड्यांत होतात आणि त्यांतले बरेचसे गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात. कोणाच्या बोलण्याशी किंवा नजरेशी त्यांचा संबंध नाही. तीन महिने थांबायची रीत पडली ती वेगळ्या कारणाने. काही वाईट घडलेच, तर दहा जणांच्या प्रश्नांना उत्तरे देत बसण्याची वेळ त्या मुलीवर येऊ नये.

ही बातमी आधी तिची होती, एवढेच तिला जाणवले असेल. ‘मला राहवलं नाही, तुला विचारायला हवं होतं’ असे तिला साध्या शब्दांत सांगा आणि मैत्रिणींनाही तिच्यापाशी विषय काढू नका म्हणून सांगा. रक्तस्राव झाला किंवा पोटात तीव्र दुखले तर मात्र लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या.

प्रश्न : माझा मुलगा टोरांटोला आहे. दुपारचा चहा झाला की साडेपाचला मी त्याला फोन करते. उन्हाळ्यात अर्धा अर्धा तास बोलायचा. दिवाळीनंतर बदललाय. ‘थंडी आहे, बर्फ पडतोय, ठेवतो’, एवढंच. परक्याशी बोलावं तसं आईशी हवापाण्याचं बोलतो. काही लपवतोय का? आजारी तर नसेल? रात्र रात्र डोळा लागत नाही. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी घड्याळ पाहू. टोरांटोत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात. तुमचे संध्याकाळचे साडेपाच म्हणजे उन्हाळ्यात त्याच्याकडे सकाळचे आठ वाजलेले असत. आता सातच वाजतात. डिसेंबर-जानेवारीत तिथे सूर्य उगवायला पावणेआठ होतात. तुम्ही चहा पिऊन निवांत फोन लावता, तेव्हा तो काळोखात अंथरुणातून उठत असतो किंवा कामावर जायच्या घाईत असतो. त्याला विचारून वेळ बदला. तुमच्या सकाळी सातला त्याच्याकडे आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. त्याचे जेवण झालेले असेल, तुमचीही कामे सुरू व्हायची असतील.

हवापाण्याचे बोलणे परक्यांशीच करतात असे नाही. जिथे सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडल्याशिवाय घरातून निघता येत नाही, तिथे ‘बर्फ पडतोय’ म्हणजे त्याच्या दिवसाची हकीकतच आहे. तो सांगतो आहे, तिथूनच पुढे विचारा. काच साफ करायला किती वेळ लागला, बूट भिजले का, शेजारी मदत करतात का. ‘जेवलास का, बरा आहेस ना’ याला ‘हो’ एवढेच उत्तर येते. बुटांबद्दल विचारलेत तर तो बोलत राहील. तुमच्याकडच्या बातम्याही त्याला सांगा, रक्तदाबाची गोळी बदलली असेल तर तीही. मुलांना काळजी नको म्हणून आईवडील दुखणी लपवतात आणि मुलेही तेच करतात. मग फोनवर दोघांनाही बोलायला फक्त थंडी उरते. हे मी फार घरांत पाहिले आहे आणि त्याचे मला वाईट वाटते.

तुमची शंका मात्र मी उडवून लावणार नाही. उत्तरेकडच्या देशांत काही जणांना ऋतुजन्य नैराश्य (हिवाळ्यात सूर्यप्रकाश कमी झाल्यावर येणारी उदासी) येते. १९८४ मध्ये अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन केले. डिसेंबरअखेर टोरांटोचा दिवस सुमारे नऊ तासांचा असतो, मुंबईचा अकरा तासांचा. फार झोप येणे, गोड आणि पिठूळ पदार्थांची ओढ, वजन वाढणे, अंग जड वाटणे, मित्रांकडे जाणे बंद होणे ही त्याची लक्षणे. यांतली काही आठवडेभर टिकलेली दिसली, तर ‘तिथल्या फॅमिली डॉक्टरांना एकदा भेटून ये’ असे त्याला शांतपणे सांगा. प्रकाशोपचार (ठरावीक तेजाच्या दिव्यासमोर रोज बसणे) आणि औषधे दोन्ही उपलब्ध आहेत, पण ती तिथल्या डॉक्टरांनीच ठरवावीत. इथून गोळ्या पाठवू नका.

प्रश्न : आयटीतली माझी नोकरी जाऊन अडीच महिने झाले. बायकोला माहीत आहे, मित्रांना सांगितलेलं नाही. ‘काम कसं चाललंय?’ विचारलं की ‘बिझी रे’ म्हणतो. शुक्रवारी सगळे जेवायला भेटतात तिथे जाणं टाळतो, बिल वाटून भरावं लागेल म्हणून. खोटं बोलल्याचं ओझं वाटतं आणि सांगायचीही लाज वाटते. – एक वाचक, पुणे

उत्तर : नोकरी जाणे हा गुन्हा नाही आणि न सांगणे हाही नाही. पण लपवण्याला किंमत पडते, आणि ती तुम्ही मोजताच आहात. १९७३ मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी दाखवून दिले, की नोकरीची खबर जिवलग मित्रांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून अनेकदा मिळते. जिवलगांना साधारण आपल्याला माहीत असते तेच माहीत असते, लांबच्या ओळखीची माणसे वेगळ्या वर्तुळात वावरतात. तुमची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही, तर त्यांच्याकडची तुमच्यापर्यंत कशी येणार?

आधी एकाच मित्राला सांगा. असे काही लिहिता येईल : ‘माझी नोकरी गेली. तेव्हा सांगायचा धीर झाला नाही. टेस्टिंगमधलं काम शोधतोय, कानावर आलं तर कळव. पैशांची अडचण आत्ता नाही.’ पैशांची अडचण खरोखर नसेल तरच शेवटचे वाक्य लिहा. ते असले की समोरचा अवघडत नाही. शुक्रवारच्या जेवणाऐवजी ‘रविवारी चहाला भेटू’ म्हणा. झोप उडाली असेल, दारू वाढली असेल किंवा ‘आपण नसतो तर बरं’ असा विचार मनात डोकावला असेल, तर थांबू नका. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना भेटा किंवा टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते.

प्रश्न : आमचा आयटीआयच्या मित्रांचा ग्रुप आहे. जालन्याकडचा एक मित्र रोज सकाळी आभाळाचा फोटो टाकायचा. गारपिटीत त्याच्या मोसंबीचा बहार झडला, तेव्हापासून फोटो बंद. परवा रात्री त्यानं लिहिलं, ‘आता कशाचंच काही वाटत नाही. सांभाळून राहा रे सगळे.’ सकाळी डिलीट केलं. विचारलं तर ‘काही नाही, असंच’ म्हणतो. सरळ विचारावं का? विचारल्यानं उलट त्याच्या डोक्यात तसलं काही शिरलं तर? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : हे पत्र छापून येईपर्यंत थांबण्यासारखे नव्हते, म्हणून संपादकांमार्फत तुम्हाला फोनवर आधीच कळवले. इतरांनाही उपयोगी पडावे म्हणून इथे देते आहे. विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही. ‘कोणीतरी विचारलं’ याचाच बहुतेकांना आधार वाटतो. ग्रुपवर विचारू नका. फोन करा आणि शक्य असेल तर गाडी काढून त्याच्या घरी जा. बांधावर बसून सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ उत्तर ‘हो’ आले तर वाद घालू नका, ‘बायकापोरांचा विचार कर’ असे सुनावू नका. त्याला बोलू द्या. त्याला एकटे सोडू नका. घरच्यांना विश्वासात घेऊन फवारणीची औषधे कुलपात ठेवा किंवा दुसऱ्याच्या घरी हलवा. हे सर्वांत महत्त्वाचे, कारण हा विचार अनेकदा लाटेसारखा येतो आणि ती लाट ओसरेपर्यंत विष हाताशी नसणे यानेच जीव वाचतो.

त्याच दिवशी त्याला जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात घेऊन जा. वाटेत किंवा रात्री-अपरात्री १४४१६ वर बोलता येते. त्याने काही घेतल्याचा संशय जरी आला तरी १०८ ला फोन करा आणि डबा सोबत न्या. पोलिसांच्या भीतीने कोणी उशीर करू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते आणि त्याला शिक्षा केली जात नाही. पंचनामा झाला का, तलाठ्याकडे कोणते कागद द्यायचे राहिले आहेत, बँकेचा हप्ता कधी आहे, ही कामे तुम्ही मित्रांनी वाटून घ्या. बागेचे नुकसान खरे आहे आणि ते नुसत्या धीराच्या शब्दांनी भरून येत नाही.

प्रश्न : आम्ही पाच जणी रोज सकाळी चालायला जातो. त्यातली एक ७२ वर्षांची. नातवाच्या मुंजीची तीच बातमी ती एका फेरीत तीनदा सांगते. आम्ही हसून ऐकतो. पण परवा स्वतःच्या घराकडे वळायचंच चुकली. मी ६८ ची, मलाही हल्ली नावं आठवत नाहीत. आम्हा दोघींनाही तोच आजार आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचे आधी सांगते. एखादे नाव ओठांवर येऊन अडते आणि तासाभराने आपोआप आठवते, हे वयानुसार होते. केवळ त्यावरून घाबरू नका. मैत्रिणीचे मात्र वेगळे आहे. थोड्या वेळात तेच पुन्हा सांगणे, आणि सांगितले होते याची आठवणही नसणे, शिवाय ओळखीचा रस्ता चुकणे, ही तपासणी करून घेण्याची लक्षणे आहेत. तो स्मृतिभ्रंश (हळूहळू वाढत जाणारा विसराळूपणा) असेलच असे नाही. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, ऐकू कमी येणे यांमुळेही असे होते आणि यांतल्या बऱ्याच गोष्टी सुधारता येतात. हा गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला, बोलणे अडखळले किंवा तोंड वाकडे झाले, तर मात्र त्याच क्षणी रुग्णालयात न्या.

ती पुन्हा मुंजीचे सांगू लागली तर ‘सांगितलंस की!’ म्हणू नका. ‘भिक्षावळीत काय काय आलं?’ असे विचारा, म्हणजे तिचाही मान राहतो आणि बोलणेही पुढे सरकते. सगळ्यांसमोर विषय न काढता तुमच्यापैकी तिला सर्वांत जवळची असेल तिने तिच्या मुलाशी किंवा मुलीशी बोलावे. ‘आईला काहीतरी झालंय’ असे मोघम सांगण्यापेक्षा कोणत्या दिवशी काय घडले ते सांगा. मेंदूविकारतज्ज्ञांकडे किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना रोजच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, चष्मा आणि असेल तर श्रवणयंत्र बरोबर न्यावे. घरच्यांना सुटी मिळत नसेल, तर तुमच्यापैकी एकीने सोबत जावे. रोज बरोबर चालणाऱ्या मैत्रिणीने पाहिलेल्या गोष्टी डॉक्टरांना निदान करताना फार उपयोगी पडतात.